शंभर कोटी प्रकाशवर्षं आणि एक खोटा डाग

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघातल्या पुनरुक्ती तेवढ्या काढल्या आहेत. निवडक प्रश्नोत्तरं शेवटी दिली आहेत.)



आजचं व्याख्यान म्हणजे खरं तर एक दुरुस्तीपत्रक आहे. दोन वर्षांपूर्वी याच मालेत मी बोललो होतो. शेवटी पडद्यावर एक छायाचित्र दाखवलं होतं. स्वतः घासलेल्या आरशाच्या दुर्बिणीतून काढलेलं, उत्तर मुकुट तारकासमूहातल्या एका दीर्घिकासमूहाचं. त्या चित्रात डावीकडे वर एक फिकट गोल डाग होता. त्याच्याकडे बोट दाखवून मी म्हणालो होतो, ‘ही कदाचित आपल्या जवळची, अतिशय मंद, अजून कोणी न नोंदवलेली दीर्घिका असावी.’ तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. मला फार बरं वाटलं होतं.

तो डाग आकाशात नव्हता. तो माझ्या हिशेबात होता. तो तिथे कसा आला, मी तो खरा का मानला आणि तो खोटा आहे हे शेवटी कसं कळलं, हे आज सांगायचं आहे. त्यासाठी आधी असलं चित्र घरच्या दुर्बिणीनं काढतात कसं, ते सांगावं लागेल.

आरसा

निवृत्त झाल्यावर माणसं फिरायला जातात, मी काच घासायला बसलो. हे वेड पुण्यात नवीन नाही. हौशी आकाशनिरीक्षकांची ज्योतिर्विद्या परिसंस्था इथे १९४४ पासून आहे. आयुकानं दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा घेतल्या, त्यातून अनेकांनी आपापले आरसे केले. अशा एका कार्यशाळेत शिकलेल्या मित्रानं मला धडे दिले.

पद्धत अगदी साधी आहे. आठ इंच व्यासाच्या दोन जाड काचा घ्यायच्या. एक खाली, एक वर. मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी. वरची काच पुढे-मागे सरकवायची, थोडी फिरवायची, आपणही पिंपाभोवती एक पाऊल सरकायचं. असं हजारो वेळा. यात गंमत अशी की वरची काच आपोआप खोलगट होत जाते आणि खालची फुगीर. माझ्या आरशाची मध्यभागी खोली अडीच मिलिमीटर आहे. तेवढ्यासाठी तीन आठवडे गेले. मग बारीक पूड, आणखी बारीक पूड, आणि शेवटी डांबरासारख्या पिचच्या थरावर सेरियम ऑक्साइडनं चकाकी. जाड पुडीचा एक कण जरी बारीक घासणीत शिरला तरी ओरखडा पडतो, म्हणून दर टप्प्याला बादल्या, फडकी, कपडे, सगळं बदलायचं. आमच्या सौ. म्हणाल्या, ‘अहो, इतक्या वर्षांत यातल्या चतुर्थांश वेळ तरी भांडी घासली असतीत तर?’ उत्तर नव्हतं.

खरी परीक्षा त्यानंतर. घासून तयार होतो तो गोलाचा तुकडा. आपल्याला हवा असतो अन्वस्ताकार, म्हणजे पॅराबोलाच्या आकाराचा आरसा. दोन्हींतला फरक माझ्या आरशापुरता मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या घरात होता. आणि तो आकारही सुमारे ७० नॅनोमीटरपर्यंत अचूक लागतो. केसाच्या जाडीचा हजारावा भाग म्हणा. हे घरात मोजायचं कसं? फ्रेंच शास्त्रज्ञ लेऑं फूको यानं १८५८ साली त्याची युक्ती सांगितली. आरशासमोर, माझ्या बाबतीत दोन मीटरवर, एक बारीक छिद्रातला दिवा ठेवायचा आणि परत येणाऱ्या प्रकाशात दाढीचं पातं हळूच घालायचं. आरशावर सावल्या उमटतात, आणि त्या सावल्यांवरून कुठे उंचवटा आहे, कुठे खळगा, ते वाचता येतं. नुसता तळहात टेकवला तरी उबेनं काच फुगते आणि ती फूग या चाचणीत दिसते. दाढीचं पातं आणि दिवा, एवढ्यावर!

आरशावर अ‍ॅल्युमिनियमचा लेप बाहेरून करून घेतला. नळी पातळ प्लायवूडची, ओळखीच्या सुतारानं केलेली. प्रामाणिकपणे सांगतो, ताऱ्यांच्या गतीनं फिरणारं स्टँड विकत घेतलं, तेही वापरलेलं, आणि कॅमेराही विकतचाच. म्हणजे ‘घरची दुर्बीण’ याचा अर्थ आरसा आणि नळी घरची, असा घ्या.

डोळा जिथे थांबतो

आता तुम्ही विचाराल, एवढी दुर्बीण केली, मग डोळा लावून बघावं की! फोटो कशाला?

कारण दोन. एक माझं स्वतःचं. तरुणपणी अंधारात डोळ्याची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते, सत्तरीत पाचाच्या आसपास. म्हणजे आत शिरणारा प्रकाश निम्मा. शिवाय माझे दोन्ही मोतीबिंदू काढलेले. दुसरं कारण कुणाच्याही डोळ्याला लागू आहे. शहराबाहेरच्या चांगल्या अंधारात नुसत्या डोळ्यांना सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. प्रतीचा आकडा जितका मोठा तितकी वस्तू मंद, आणि पाच प्रती म्हणजे शंभर पट. आठ इंची दुर्बिणीतून तरुण डोळ्याला चौदाव्या प्रतीच्या आसपास पोचता येतं. मी बोलतोय त्या समूहातल्या सगळ्यांत तेजस्वी दीर्घिका सोळाव्या प्रतीच्या आहेत. नुसत्या डोळ्याच्या मर्यादेपेक्षा दहा हजार पट मंद.

हा समूह म्हणजे एबल २०६५. उत्तर मुकुटातल्या बीटा ताऱ्याच्या नैर्ऋत्येला दोनेक अंशांवर. अंतर सुमारे शंभर कोटी प्रकाशवर्षं, आणि सदस्य चारशेहून अधिक दीर्घिका. नावातला एबल म्हणजे जॉर्ज एबल. पालोमारच्या ४८ इंची श्मिट दुर्बिणीनं घेतलेल्या आकाशाच्या काचपट्ट्या त्यानं एकेक करून डोळ्यांनी तपासल्या आणि १९५८ साली २७१२ समूहांची यादी प्रसिद्ध केली. त्यानं आधी नियम ठरवले होते. समूहातल्या तिसऱ्या क्रमांकाच्या तेजस्वी दीर्घिकेपासून दोन प्रतींच्या आत किमान पन्नास दीर्घिका असतील, तरच त्याला भरघोस समूह म्हणायचं. ‘मला गर्दी दिसतेय’ एवढ्यावर भागायचं नाही, मोजायचं. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

या समूहातल्या सोळाव्या प्रतीच्या एका दीर्घिकेकडून माझ्या आठ इंची आरशावर सेकंदाला किती प्रकाशकण पडतात, याचा ढोबळ हिशेब केला तर शंभराच्या आसपास येतो. शंभर कोटी वर्षं प्रवास करून आलेले! ते निघाले तेव्हा पृथ्वीवरची सजीवसृष्टी बहुतांशी एकपेशीय होती. डोळा ते साठवून ठेवत नाही, क्षणाक्षणाला पाटी पुसतो. कॅमेरा साठवतो. दोन मिनिटं झाकण उघडं ठेवलं की बारा हजार कण. फरक एवढाच, आणि तोच पुरेसा आहे.

गोंगाटातून आवाज

पण त्या दोन मिनिटांत फक्त दीर्घिकेचा प्रकाश येत नाही. आकाशाची स्वतःची उजळी येते, आणि कॅमेऱ्याची स्वतःची खुरखुर असतेच. लग्नाच्या मंडपात कोपऱ्यात बसलेली आजी एकच शब्द पुनःपुन्हा बोलतेय आणि बाकीचे चारशे लोक वाट्टेल ते बोलताहेत, अशी ही स्थिती. एकदा ऐकून काही कळत नाही. पण समजा, तुम्ही शंभर वेळा तेवढाच तुकडा रेकॉर्ड केला आणि एकावर एक ठेवला. आजीचा शब्द दर वेळी तोच, म्हणून तो शंभर पट होतो. बाकीचा गोंगाट दर वेळी वेगळा, तो एकमेकांना काटत काटत फक्त दहा पट वाढतो. म्हणजे शब्द दहा पट स्पष्ट झाला. शंभराचं वर्गमूळ दहा. दूरच्या दीर्घिकांच्या छायाचित्रणाचं गणित हेच.

म्हणून मी दोन-दोन मिनिटांच्या १८० फ्रेम घेतो आणि संगणकावर ताऱ्यांवर तारे जुळवून त्यांची बेरीज करतो. सहा तासांचं चित्र. आणि म्हणूनच अंधार हवा. शहरातलं आकाश गावच्या आकाशापेक्षा तीन प्रतींनी, म्हणजे सोळा पट उजळ असेल, तर तेवढंच स्पष्ट चित्र मिळवायला सोळा पट वेळ लागतो. जुन्नर तालुक्यात माझ्या भाच्याचं शेत आहे, तिथे मी दुर्बीण नेतो. त्याच भागात खोडदला जीएमआरटीच्या मोठाल्या अँटेना आहेत. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, आणि एकूण तीस. त्यांच्या शेजारी माझी आठ इंची म्हणजे हत्तीच्या शेजारी मुंगी. पण दोघंही वरच बघतात.

अजून एक पायरी सांगायची राहिली, आणि घोळ तिथेच झाला. आरशावर, काचेवर, कॅमेऱ्याच्या खिडकीवर धूळ असते. तिच्या सावल्या चित्रात पडतात. त्या घालवायला नळीच्या तोंडावर पांढरं कापड ताणून, पहाटेच्या एकसारख्या उजेडात काही चित्रं घ्यायची. त्यांना फ्लॅट म्हणतात. फ्लॅटमध्ये नुसत्या सावल्याच असतात. मूळ चित्राला फ्लॅटनं भागलं की सावल्या जातात. नियम असा की फ्लॅट त्याच रात्रीचे हवेत, कॅमेरा न हलवता घेतलेले. मी ते एकदाच घेतले होते, आणि वर्षभर तेच वापरत होतो. पहाटे पाच वाजता थंडीत कोण कापड ताणत बसणार, हा त्यामागचा विचार.

दोन चुका

आता दुरुस्तीपत्रकाचा मुख्य भाग.

पहिली चूक त्याच्याही आधीची. पहिल्या वर्षी मी पुण्यात, गच्चीवरून, तीस-तीस सेकंदांच्या फ्रेम घेऊन तासाभराचं चित्र केलं. समूह दिसला नाही. तारे होते, बाकी सपाट राखाडी. मी मित्रमंडळींत जाहीर केलं की आठ इंचीतून एबल २०६५ निघत नाही, हे मोठ्या वेधशाळांचं काम.

मंडळी, मी आयुष्यभर भारतीय प्रमाणशास्त्र शिकवलं. ज्ञान कशानं होतं, याच्या साधनांची चर्चा. प्रत्यक्ष, अनुमान, शब्द वगैरे. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती यांत आणखी एक साधन मानतात: अनुपलब्धी. समोरच्या जमिनीवर घडा नाही, हे आपल्याला कसं कळतं? घडा दिसत नाही यावरून. नैयायिक म्हणतील की त्यासाठी वेगळं साधन मानायची गरज नाही. तो वाद राहू द्या. पण एका अटीवर सगळे सावध आहेत. अंधारात घडा दिसला नाही, म्हणून घडा नाही असं म्हणता येत नाही. न दिसणं हे योग्य हवं. म्हणजे, घडा असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. उजेड हवा, डोळे ठीक हवेत, मध्ये आडकाठी नको. यालाच योग्यानुपलब्धी म्हणतात.

मी हे वर्गात किती वेळा फळ्यावर लिहिलं असेल! आणि गच्चीवर बसून मात्र अंधारात न दिसलेल्या घड्याबद्दल निकाल दिला. करायला काय हवं होतं? त्या चित्रात दिसणारा सगळ्यांत मंद तारा कोणता, हे यादीशी ताडून पाहायला हवं होतं. ती त्या चित्राची मर्यादा. त्या मर्यादेच्या अलीकडची वस्तू दिसली नाही, तर ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार मला आहे. पलीकडची असेल, तर गप्प बसायचं. माझ्या गच्चीवरच्या चित्राची मर्यादा ताऱ्यांसाठी जेमतेम सतराव्या प्रतीपर्यंत होती, आणि पसरट दीर्घिकांसाठी त्याहूनही कमी. शेतावरच्या सहा तासांच्या चित्राची मर्यादा विसाव्या प्रतीच्या आसपास गेली, आणि समूह आला. तोच आरसा, तेच आकाश, पण उजेड पुरेसा.

कसा दिसतो म्हणाल? भव्य वगैरे नाही. एक लाख प्रकाशवर्षं रुंदीची दीर्घिका एवढ्या लांबून सुमारे वीस विकलांची दिसते. माझ्या कॅमेऱ्यात पंचवीस-सव्वीस पिक्सेल, आणि त्यातलाही मधला उजळ भाग तेवढाच नीट उठतो. तारे टोकदार असतात, हे ठिपके मऊ, किंचित पिवळसर, कडेला विरघळलेले. रांगोळी घालताना बोटांतून जास्तीची पूड सांडावी, तसे एका जागी दाटलेले. पहिला ठिपका ओळखायला दहा मिनिटं लागली. मग एकदम कळलं की सगळीकडे तेच आहेत. खुर्चीतून उठून अंगणात गेलो आणि थोडा वेळ उभा राहिलो. एवढंच सांगतो.

आणि त्या भरात दुसरी चूक झाली. चित्रात समूहापासून बाजूला तो मोठा, गोल, फिकट डाग दिसला. शंभरेक पिक्सेल रुंद. मी यादी पाहिली, तिथे काही नाही. मोठ्या दुर्बिणींनी केलेल्या सर्वेक्षणांची चित्रं इंटरनेटवर कुणालाही बघता येतात. ती पाहिली, तिथेही काही नाही. आता माझ्या दुर्बिणीपेक्षा कितीतरी मोठ्या दुर्बिणीला जे दिसत नाही, ते तिथे नाही, हा साधा निष्कर्ष. ही खरी योग्यानुपलब्धी. पण मला शोध हवा होता! मी स्वतःला समजावलं: अतिशय पसरट, मंद दीर्घिका मोठ्या सर्वेक्षणांतून निसटतात, हौशी मंडळींनी लहान दुर्बिणींतून त्या दाखवून दिल्याची उदाहरणं आहेत. हे खरंच आहे. म्हणूनच ते घातक होतं. खोट्या समजुतीला टेकायला बहुतेक वेळा खरं वाक्यच लागतं.

‘सर, एक विचारू?’

त्या व्याख्यानानंतर चहाच्या वेळी एक मुलगी आली. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होती. म्हणाली, ‘सर, एक विचारू? फ्रेम याम्योत्तर ओलांडायच्या आधीच्या आहेत की नंतरच्या?’

तिला काय म्हणायचं होतं ते सांगतो. माझ्यासारख्या स्टँडवर, वस्तू डोक्यावरची उत्तर-दक्षिण रेषा ओलांडते तेव्हा दुर्बीण स्टँडच्या दुसऱ्या बाजूला फिरवावी लागते, नाहीतर नळी खांबाला आपटते. फिरवली की आकाशाच्या तुलनेत कॅमेरा उलटा होतो. १८० अंश. म्हणजे आधीच्या आणि नंतरच्या फ्रेमची वेगवेगळी चित्रं केली आणि ताऱ्यांवर तारे जुळवले, तर आकाशातली वस्तू दोन्हीत त्याच जागी राहील. कॅमेऱ्यातली वस्तू मात्र डावीकडे वर असेल तर उजवीकडे खाली जाईल.

माझ्या सगळ्या फ्रेम आधीच्या होत्या. एप्रिलमध्ये हा समूह रात्री दोन-अडीचला याम्योत्तर ओलांडतो. तोवर मी झोपायला गेलेला असे. मी तिला म्हणालो, ‘बघू, बघू.’ थोडं तुटकच म्हणालो. घरी आल्यावर झोप लागेना, कारण तिनं विचारलं होतं ते मीच चाळीस वर्षं शिकवत होतो.

नैयायिकांचं उदाहरण तुम्हाला माहीत आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे. हे अनुमान ठीक. उलटं करा: आग आहे, म्हणून धूर असणार. हे चुकीचं. लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग आहे, धूर नाही. धूर व्हायला ओलं सरपण लागतं. ही जी लपलेली अट, तिला उपाधी म्हणतात. अनुमान करणाऱ्यानं आधी उपाधी शोधायची असते. माझं अनुमान काय होतं? चित्रात डाग आहे, म्हणून आकाशात वस्तू आहे. लपलेली अट ही की तो डाग ताऱ्यांबरोबर राहिला पाहिजे, कॅमेऱ्याबरोबर फिरता कामा नये. ओलं सरपण आहे का, हे मी बघितलंच नव्हतं. ते एका विशीतल्या मुलीनं बघितलं.

लगेच तपासताही येईना. व्याख्यान मे महिन्याच्या शेवटी होतं. मग पाऊस. मग समूह सूर्यामागे. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत थांबलो, आणि मार्च-एप्रिलच्या चार रात्री पहाटेपर्यंत जागून दोन्ही बाजूंच्या १८०-१८० फ्रेम घेतल्या. एकूण बारा तास. दोन चित्रं शेजारी ठेवली. दीर्घिका होत्या तिथेच. डाग पहिल्यात डावीकडे वर, दुसऱ्यात उजवीकडे खाली.

मग कारण शोधलं. जुने फ्लॅट घेतले तेव्हा कॅमेऱ्याच्या खिडकीवर धुळीचा एक कण होता. नंतर कधीतरी मी खिडकी पुसली. कण गेला, पण त्याची सावली फ्लॅटमध्ये राहिली. आता प्रत्येक चित्राला त्या फ्लॅटनं भागताना, जिथे सावली नव्हतीच तिथली सावली काढली जात होती, आणि तिथे उजळ डाग उमटत होता. माझी ‘दीर्घिका’ म्हणजे पुसून टाकलेल्या धुळीची आठवण! खिडकी कॅमेऱ्याच्या संवेदकापासून दोन मिलिमीटरवर. दुर्बिणीच्या मापानं हिशेब केला तर अशा कणाची सावली शंभर पिक्सेलच्या आसपासच यायला हवी. डाग तेवढाच होता.

यातला धडा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून सावकाश सांगतो. मी तासन्‌तास फ्रेमची बेरीज करत होतो ती गोंगाट घालवण्यासाठी. पण बेरजेनं फक्त दर वेळी बदलणारी चूक जाते. जी चूक दर वेळी त्याच जागी, तशीच होते, ती बेरजेनं जात नाही. उलट दीर्घिकेसारखीच ठळक होते. शंभर फ्रेम म्हणजे शंभर साक्षीदार नव्हेत, त्यांनी एकाच ठिकाणी ऐकलेलं असेल तर. अशी चूक पकडायला आणखी फ्रेम नकोत, कॅमेरा फिरवायला हवा.

मग मी नक्की काय पाहिलं?

१७५५ साली तिशीतल्या इमॅन्युएल कांटनं लिहिलं होतं की आकाशात दिसणारे काही अंधुक लंबगोल ढग हे आपल्या आकाशगंगेसारखेच दूरचे तारासमुदाय असावेत. त्याच्याकडे पुरावा नव्हता, तर्क होता. १९२३ साली एडविन हबलनं देवयानी दीर्घिकेत बदलता तारा शोधला आणि अंतर मोजता आलं, तेव्हा तो तर्क खरा ठरला. मध्ये १६८ वर्षं. आणि १९३३ साली फ्रिट्झ झ्विकीनं कोमा समूहातल्या दीर्घिकांचे वेग तपासले. ते इतके होते की दिसणाऱ्या द्रव्याच्या गुरुत्वानं तो समूह एकत्र राहणं शक्य नव्हतं. न दिसणारं द्रव्य असलं पाहिजे, असं अनुमान त्यानं केलं. कृष्णद्रव्याचा प्रश्न तिथून सुरू होतो, आणि ते द्रव्य कशाचं बनलंय हे आजही ठाऊक नाही.

म्हणजे या विषयात ‘पाहिलं’ हा शब्द जपून वापरावा. एबल २०६५ मी डोळ्यांनी पाहिलेला नाही, आणि या जन्मी पाहणार नाही. ठिपके मी टिपले, ते कॅमेऱ्याबरोबर फिरत नाहीत हे तपासलं, यादीतल्या जागांशी ताडले. इथवर माझं अनुमान. ते शंभर कोटी प्रकाशवर्षांवर आहेत, हे मात्र मला ताम्रसृती मोजणाऱ्यांच्या शब्दावरून माहीत आहे. ते शब्दप्रमाण. माझ्या दुर्बिणीनं अंतर मोजलेलं नाही. कुठलं ज्ञान कुठल्या साधनानं आलं, एवढा हिशेब स्वच्छ ठेवला की लाज वाटण्यासारखं काही उरत नाही.

पडद्यावर आता नवीन चित्र आहे. डाग नाही. त्या मुलीला मी हे चित्र आधी पाठवलं. तिचं उत्तर आलं: ‘छान आलंय सर. फ्लॅट नवीन घेतलेत ना?’

प्रश्नोत्तरांतून

*नवीन माणसानं सुरुवात कुठून करावी?*

एकदम एबल २०६५ वर जाऊ नका. आधी कन्या समूह, अंतर साडेपाच कोटी प्रकाशवर्षांच्या आतबाहेर. त्यातल्या मार्केरियनच्या साखळीतल्या दीर्घिका अर्ध्या तासाच्या बेरजेतही सुंदर येतात. मग कोमा, ३२ कोटी. तो प्रकाश निघाला तेव्हा पृथ्वीवर जी जंगलं होती, त्यांचा पुढे कोळसा झाला. मग शौरी समूह, ५० कोटी. मग उत्तर मुकुट. आपल्याकडे फेब्रुवारी ते मे हा यांचा हंगाम. मेमध्ये हवेत धुरळा फार, त्यामुळे मार्च उत्तम.

*हबल आणि वेबची चित्रं मोफत मिळत असताना हा खटाटोप कशासाठी?*

ती चित्रं मीही रोज बघतो. पण त्यांत झालेल्या चुका दुसऱ्या कुणीतरी आधीच काढलेल्या असतात. इथे चूकही माझी, आणि ती काढायचं कामही माझं. तत्त्वज्ञानाच्या माणसाला याहून चांगली प्रयोगशाळा कुठे मिळणार?

*पुढचा बेत काय?*

पुण्यातल्या आयुका आणि आयसर इथल्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली मीन राशीच्या दिशेला एक प्रचंड महासमूह शोधल्याचं जाहीर केलं. नाव ‘सरस्वती’. अंतर सुमारे चारशे कोटी प्रकाशवर्षं, विस्तार सुमारे साठ कोटी. त्याच्या गाभ्यातला एबल २६३१ हा समूह माझ्या दुर्बिणीच्या मर्यादेत येतो का, ते दिवाळीनंतर बघायचं आहे. नाही आला तर ‘तिथे नाही’ असं म्हणणार नाही, माझ्या चित्राची मर्यादा किती होती ते सांगेन. आणि आला, तर दोन्ही बाजूंच्या फ्रेम घेतल्याशिवाय इथे दाखवणार नाही.